दादाचं अक्षर

१४ जानेवारी

दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा मी वर येऊन पडते. झोप येत नाही. साठी उलटल्यावर झोपही लांबच्या पाहुण्यासारखी, आली तर आली. म्हणून ही वही. लग्न केलं नाही, त्यामुळे कुरकुर ऐकून घ्यायला घरात हक्काचं माणूस नाही. दादा खाली असतो, पण निम्मी कुरकुर त्याच्याबद्दलचीच, ती त्याला कशी सांगणार?

दादा माझा थोरला भाऊ. बाबांचा दवाखाना आम्ही दोघं चालवतो. खाली तपासणीच्या दोन खोल्या, एक त्याची, एक माझी. मध्ये पेशंट बसायची बाकं, वर मी. दादा आणि वहिनी दोन रस्ते पलीकडे राहतात. पाटीवर अजून बाबांचं नाव आहे, खाली आमची दोघांची. दादाचं आधी. वयामुळे, हुशारीमुळे नव्हे, असं मी सगळ्यांना सांगते.

आजची सकाळ वाईट गेली. शाळेत आम्हाला गाणं शिकवणाऱ्या बाईंना त्यांच्या सुनेनं गाडीतून आणलं. बाई आता ऐंशीच्या पुढच्या. उलट्या, नाडी अगदी मंद, समोरचं सगळं पिवळं दिसतंय म्हणत होत्या. विचारलं तर कळलं, हृदयाची जी गोळी अर्धी घ्यायची ती बाई रोज दीड घेत होत्या! मी त्यांना लगेच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. आत्ताच फोन आला, धोका टळला म्हणून.

निघताना मी बाईंवर रागावलेच. "बाई, चष्मा लावून वाचत जा ना!"

"अगं, पाकिटावर तसंच लिहिलं होतं," त्या पुटपुटल्या.

सगळे असंच म्हणतात. वय झालं की माणूस विसरतं आणि पाकिटाला दोष देतं.

बाई दादाच्या आवडत्या पेशंट, औषध त्यानंच लिहून दिलेलं. पण तो दारात नुसता उभा राहिला. चेहरा पांढरा पडलेला. मग आत जाऊन बसला, आणि त्याचे उरलेले पेशंट मलाच बघायला सांगितले. बाईंचा लळा आहे त्याला.

१९ जानेवारी

आज भांडण. आरोग्य खात्याचं एक पत्र वर्षभर दादाच्या टेबलावर पडून होतं. त्यावर तो पाण्याचा पेला ठेवायचा. योजना अशी, की जे डॉक्टर पेशंटच्या सगळ्या नोंदी संगणकावर ठेवतील आणि औषधंही संगणकावरूनच छापून देतील, त्यांना सरकार अनुदान देणार. मध्येच माणूस येऊन तपासून जाणार. आणि जे ऐकणार नाहीत त्यांच्या पेशंटची जी बिलं सरकार भरतं, त्यांत काही वर्षांनी कपात. म्हणजे आधी गूळ, मग छडी. आम्ही दोघांनी मिळून त्या पत्राची यथेच्छ टर उडवली होती.

आज चहाच्या वेळी दादा म्हणाला, "ठमे, मी सही करून पाठवलं ते."

"काय पाठवलंस?"

"ते संगणकाचं."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण चेहऱ्यावरची सुरकुती हलेना.

"मला न विचारता? अर्धा दवाखाना माझा आहे!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"अर्थात! अजून किती वर्षं राहिलीत आपली? चार? पाच? आता या वयात मी टक टक करत बसू? पेशंटकडे बघू का काचेकडे?"

"राहिलीत ना थोडी? म्हणून तर."

"खरं सांग, अनुदानाचा मोह पडला ना तुला?"

त्यानं बिस्कीट चहात बुडवलं. मग म्हणाला, "हो. मोह पडला."

निदान कबूल तरी केलं. बाबांनी आयुष्यात कुणाकडून एक पेन फुकट घेतलं नाही. त्यांच्या मुलाला म्हातारपणी हे डोहाळे.

२ फेब्रुवारी

संगणक आले. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, एक बाहेर सिस्टरकडे. सिस्टर आमच्याकडे इतकी वर्षं आहे की पेशंट तिला आधी नमस्कार करतात. ती यंत्राभोवती फिरून म्हणाली, "याला पुसायचं कसं?" मला वाटतं, योजनेबद्दल कुणी विचारलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न.

शिकवायला एक गृहस्थ येतात. आधी गणिताचे शिक्षक होते. दादानं त्यांचं नाव क्लिकमास्तर ठेवलं. "घाबरू नका डॉक्टरीणबाई, बोट लावल्यानं काही मोडत नाही," असं ते मला सारखं सांगतात. मी लाकूड कारखान्याच्या म्हाताऱ्या चौकीदाराची नोंद केली. तीन ठिकाणी 'हो' दाबलं. मास्तर वाकून बघून हळूच म्हणाले, "बाई, हे आजोबा गर्भवती झाले."

बाकावरचे सगळे हसले, आजोबा सगळ्यांत जास्त. दादा नाही हसला. हल्ली तो माझ्या विनोदांना हसतच नाही. शिळे झाले असतील.

तो मात्र मन लावून शिकतोय. डाव्या हाताच्या एका बोटानं. उजवा हात खिशात. मी म्हटलं, "साहेब, फोटो काढायचाय का? अशी ऐट?" तर हात आणखी खोल घातला.

२० फेब्रुवारी, रविवार

आज दवाखाना बंद. जुने केसपेपर काढले. नेहमीच्या पेशंटचा इतिहास संगणकात भरायचाय, त्यासाठी चाळावे लागतात. मी चाळायला बसले आणि सकाळची दुपार झाली तरी एकही नोंद भरली नाही.

बाबांचे कागद सगळ्यांत खाली. बाबा नावापेक्षा खुणा जास्त लिहीत. 'पुलाजवळचा सुतार, थोरला मुलगा, रडत नाही.' एवढंच. काय झालं होतं त्याला, कोण जाणे, पण रडत नाही हे बाबांना लिहून ठेवावंसं वाटलं! संगणकात 'रडत नाही' कुठं लिहायचं? मास्तरांना विचारलं पाहिजे.

वास आला त्या कागदांना. स्पिरिटचा, जुन्या लाकडाचा, आणि मला वाटतं लाल मिक्श्चरचा. ते मिक्श्चर सगळ्यांना असायचं, खोकला असो की पोटदुखी. काचेच्या बाटलीत भरायचं आणि बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची, डोसाच्या खुणा कापलेली. पट्ट्या कापायचं काम दादाचं, खळ लावायचं माझं. शाळेतून आलो की आम्ही कंपाउंडरच्या टेबलाखाली बसायचो. दादा पट्टी दुमडून कात्रीनं टोकदार खाचा पाडायचा आणि उलगडून दाखवायचा, सगळ्या खाचा सारख्या. मी म्हणायची, मला दे कात्री. तो म्हणायचा, "ठमे, तू खळ लाव. ज्याचा हात सरळ तोच कापणार." किती राग यायचा! आणि किती बरं वाटायचं तिथं, टेबलाखाली, मोठ्या माणसांच्या पायांकडे बघत. पायांवरून आम्ही पेशंट ओळखायचो.

मग दादाचे कागद लागले. काय अक्षर ते! ऐसपैस, पाय पसरून बसल्यासारखं. एका कागदावर चार ओळी, सही तर कागदाच्या बाहेर पळायची. मेडिकलला गेला तेव्हा मला पत्रं लिहायचा, दोन पानांत सहा वाक्यं. आई म्हणायची, "याच्या पत्राला तिकिटं जास्त लागतात, मजकूर काही नाही." मी पुढे डॉक्टर झाले ती त्या पत्रांमुळे. त्यात एकदा लिहिलं होतं, 'इथे आज मी माणसाचं हृदय हातात धरलं. तू ये.' एवढ्याला पाऊण पान.

गेल्या वर्षाचे कागद मात्र बघवत नाहीत. मुंग्यांची रांग. ओळ सुरू होते तेव्हा मुंग्या, संपते तेव्हा मुंग्यांची पिल्लं. भिंग घेऊनही लागत नाही. अख्खी तपासणी बोटभर जागेत.

संध्याकाळी त्याला फोन करून विचारलं, "कागद वाचवतोस का रे?"

"महागलाय कागद," म्हणाला आणि फोन वहिनीकडे दिला.

माणूस म्हातारपणी चिकट होतो म्हणतात. आमचा दादा अक्षरातसुद्धा झाला.

३ मार्च

एक चांगली गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर ही वही नुसती रडगाण्याची होईल. आज एका मुलीच्या भुवईला खोक पडली होती. टाके घालायचे होते. चेहऱ्यावरचे टाके कायम दादा घालतो. त्याच्या टाक्याचा व्रण शोधून सापडत नाही. पण त्यानं मला हाक मारली आणि मुलीच्या आईसमोर म्हणाला, "हे काम माझ्या बहिणीला सांगा. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

आयुष्यात पहिल्यांदा! मला टाके शिकवले त्यानंच, जुन्या उशीवर. उशीभर टाके घालून घेतले आणि म्हणाला होता, "उशी जगेल, पण दिसायला वाईट दिसेल." तोच माणूस आज असं म्हणाला. मी सहा टाके घातले आणि दिवसभर हवेत होते.

इंजेक्शनंही हल्ली माझ्याकडेच पाठवतो. कदर करायला शिकला, उशिरा का होईना.

संगणकाचं म्हणाल, तर आता पेशंटकडे बघत बघत टाइप करायला जमू लागलंय. औषधाची चिठ्ठी छापून येते, ठसठशीत. सिस्टर त्या गरम कागदाला आधी हात लावून बघते, भाकरीला लावतात तसा.

१७ मार्च

आज दुपारी वहिनी आली, एकटीच. मी दूध तापत ठेवलं होतं ते बोलण्याच्या नादात करपलं. घरभर वास. खिडक्या उघडता उघडता ती म्हणाली, "परवा आमच्याकडेही करपलं. हे गॅससमोरच बसले होते पेपर वाचत. यांना वासच आला नाही."

"पेपर वाचताना तो लहानपणापासून मेल्यासारखाच असतो," मी म्हटलं.

ती हसली नाही. पेल्यातला चहा फिरवत बसली. मग म्हणाली, "तू रोज त्यांच्याबरोबर असतेस. तुला काही वाटतं का गं, त्यांच्याकडे बघून?"

"वाटतं ना! कंजूष झालाय. अनुदानाचं वेड लागलंय. आणि शर्ट घालायचा सोडून ते बिनबटणाचे टी-शर्ट घालून येतो दवाखान्यात. बाबा असते तर दारातून परत पाठवला असता."

वहिनीनं पेला खाली ठेवला. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बटणांना वेळ लागतो त्यांना," आणि पर्स उचलून उठली.

वहिनी नेहमी त्याची बाजू घेते. चाळीस वर्षांत एकदासुद्धा मला फितूर झाली नाही.

२७ मार्च, रविवार

हात थरथरतोय लिहिताना. माझा.

सकाळी दादाचा फोन, दवाखान्यात येतोय, खाली ये. मी खाली गेले तर तो माझ्या खोलीत, पेशंटच्या स्टुलावर बसलेला. खुर्चीत नाही, स्टुलावर.

"संगणक लाव. नवा पेशंट नोंदवायचाय."

मला वाटलं, तपासणीला माणूस येणार आहे, त्यासाठी सराव. मी लावला. "नाव?"

"माझं घाल."

घातलं. वय घातलं. "व्यवसाय?" म्हणून थांबले. तो काही बोलला नाही, तेव्हा मीच 'डॉक्टर' घातलं.

"तक्रार?"

"अक्षर."

मी हसले. "अक्षर यादीत नाहीये. खोकल्यापासून खरजेपर्यंत सगळं आहे."

"मग 'इतर'मध्ये टाक. अक्षर बारीक होत गेलं. वर्षभर. उजवा हात." असं म्हणून त्यानं खिशातला हात काढला आणि मांडीवर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट आपले आपण हलत होते, गोळी वळावी तसे. हळू, एका लयीत.

मला कळलं. तेवढं बघूनच कळलं. विद्यार्थ्यालाही कळलं असतं. तरी मी मूर्खासारखी म्हणाले, "दमला असशील."

"ठमे, तपास मला. नीट तपास. अनोळखी माणसाला तपासतेस तसं."

तपासलं. अंगठ्यावर बोट आपट म्हटलं. पहिल्यांदा मोठं आपटलं, मग लहान, मग आणखी लहान, मग थांबलं. मनगट वाकवलं तर दात्यांचं चाक फिरावं तसं अडकत अडकत वाकलं. चालायला लावलं. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटून. बोलताना आवाज इतका खाली, की मला पुढं वाकावं लागलं. आणि चेहरा! ज्या चेहऱ्याला मी विनोद सांगून सांगून थकले, तो हसत नव्हता असं नाही. त्याला हसता येत नव्हतं.

"सांग आता," तो म्हणाला. "बाबांच्या खुर्चीत बसलीयेस. पेशंटला काय सांगशील?"

"कंपवात." मी एवढंच म्हणू शकले.

"बरोबर. पास झालीस."

मग मी रडले. तो स्टुलावर शांत बसून राहिला. पेशंटचं रडणं संपेपर्यंत बाबा असेच बसायचे.

नंतर विचारलं, "वहिनीला?"

"तिला माझ्या आधी कळलं. मी सांगितलं होतं, तुला मी सांगेन. सांगवेना. तू माझ्याकडे बघून टाके शिकलीस गं. तुला हा हात कसा दाखवू?"

"आणि हा संगणक? अनुदान?"

त्यानं संगणकाकडे पाहिलं. "बाईंची गोळी," म्हणाला. "मी अर्धीच लिहिली होती. केमिस्टकडच्या माणसानं दीड वाचली, पाकिटावर तशीच लिहिली. त्यानं नंतर माझा कागद मला आणून दाखवला. त्याची चूक नव्हती. मला स्वतःला वाचता आलं नाही मी काय लिहिलंय ते. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा एकही औषध हातानं लिहायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना सोडायला हवा होता. धीर झाला नाही. मग ते पत्र दिसलं. सरकार पैसे देऊन सांगतंय की हातानं लिहू नका. मला निमित्त मिळालं."

मी बाईंना म्हणाले होते, चष्मा लावत जा.

आणखी लिहवत नाही.

२८ मार्च

दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी. दहा फुटांवर बसणारा माणूस. पेशंट आत येतो तोवर त्याच्या चालीवरून निम्मं निदान करते अशी माझी ख्याती. या आजारात वास आधी जातो, म्हणजे वहिनीनं तर माझ्या हातात आणून ठेवलं होतं, दुधासकट.

दादाला हे म्हटलं तर म्हणाला, "तू बहीण आहेस. बहिणीला भाऊ दिसतो, पेशंट दिसत नाही. दिसूही नये."

६ एप्रिल

मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, तिघं. निदान तेच. गोळ्या सुरू केल्या. गुण येईल, बरीच वर्षं चांगली जातील, पण बरा होणार नाही. हे सगळं मला पाठ आहे, मीच कितीजणांना सांगितलंय. ऐकायच्या बाजूला बसल्यावर एक शब्द ओळखीचा वाटला नाही.

येताना दादा म्हणाला, गाडी बाईंच्या घराकडे घे.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. सून दारात. दादानं बसायच्या आधी सांगून टाकलं. माझं अक्षर, माझा आजार, माझी चूक. तुमची काही चूक नव्हती.

सून लालबुंद झाली. "आमची आई गेली असती तर?"

"हो," दादा म्हणाला. "गेल्या असत्या."

त्यानं पुढे काही जोडलं नाही. क्षमा करा वगैरेसुद्धा नाही. सून आत निघून गेली आणि भांडी आपटल्याचा आवाज आला. तिचं काही चुकलं नाही. तिच्या जागी मी असते तर भांडी त्याच्या अंगावर टाकली असती.

मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याचं मला कळलं. पण तू मला सगळ्यांसमोर ओरडलीस, त्याचं काय?"

मी बाईंचे पाय धरले. वर्गात बेसूर गायले की कान धरायच्या तशाच त्यांनी माझा कान धरला. बोटांत जोर नव्हता. दादाला म्हणाल्या, "तू सोडणार आता दवाखाना?"

"हो बाई. महिनाअखेर."

"मग माझं कोण बघणार?"

दादानं माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला.

३० एप्रिल, शनिवार

त्याला निरोप समारंभ नको होता. दारावर सूचनाही लावली नाही. तरी बातमी फुटलीच, आणि सकाळपासून बाकं भरली. निम्म्यांना काही झालं नव्हतं. उगाच घसा दाखवायला आले. एकानं तीस वर्षांपूर्वी दादानं शिवलेली पोटरी पँट वर करून सगळ्यांना दाखवली. व्रण कुणालाच सापडेना. त्यालाही. मग त्यानं दुसरा पाय वर केला.

नियमाप्रमाणे दादानं प्रत्येकाची नोंद संगणकावर केली. प्रत्येक घशाची. डाव्या हाताच्या एका बोटानं. बाहेर रांग लांबत गेली. कुणी कुरकुरलं नाही.

शेवटच्या माणसाची चिठ्ठी छापून झाल्यावर सही करायची होती. मी माझ्या दारातून बघत होते. गोळ्यांनी थोडा गुण आलाय. त्यानं उजव्या हातात पेन घेतलं, मनगटाखाली डावा हात धरला, आणि सावकाश सही केली. मोठी नव्हती. पण वाचता येत होती.

मग उठला, स्टेथो गळ्यातून काढून टेबलावर ठेवला, आणि संगणकाकडे बोट करून सिस्टरला म्हणाला, "हे पुसायचं कसं, विचारत होतीस ना? कोरड्या फडक्यानं." सिस्टर पदर तोंडाला लावून आत पळाली.

दुपारी वर एकटी बसले तेव्हा खालच्या शांततेचा आवाज येत होता. त्याची खुर्ची मागं सरकवल्याचा आवाज मला इतकी वर्षं वर ऐकू यायचा. तो येत असे हे आज कळलं.

१९ जून, रविवार

गेल्या आठवड्यात खात्याचा माणूस तपासून गेला. नोंदी बघितल्या, चिठ्ठ्या बघितल्या, मान डोलावली. म्हणाला, "या भागात तुमच्या वयाच्या डॉक्टरांनी इतकं नीट कुणी केलेलं नाही." पहिला हप्ता मंजूर झाला. दादाला सांगितलं तर म्हणाला, "त्यातून बाकं बदल. पेशंटची कंबर मोडते." बाबांच्या वेळची बाकं! भांडलो. सवयीनं.

आता दर रविवारी तो सकाळी येतो. जुने केसपेपर अर्ध्याहून जास्त मला लागत नाहीत, बाबांचे तर नाहीच. पण ज्या माणसाचा कागद त्या माणसाचं सगळं दादाच्या डोक्यात आहे. म्हणून तो सांगतो, मी टाइप करते. नुसते आजार नाही सांगत. या बाईला गोड बोललेलं चालत नाही, स्पष्ट सांग. याला सुईची भीती आहे, पण कबूल करणार नाही, बोलत बोलत टोच. मास्तरांनी मला 'इतर'चा रकाना मोठा करून दिलाय. आमच्या दवाखान्यात आता 'इतर' सगळ्यांत लांब असतो. खात्याच्या माणसानं त्यावर भुवया वर केल्या होत्या, पण नियमात बसतं म्हणाला.

आवाजाच्या व्यायामासाठी दादा एका बाईंकडे जातो. त्यांनी सांगितलंय, बोलताना मैदानापलीकडच्या माणसाला हाक मारतोय असं समजून बोला. नाहीतर आवाज दिवसेंदिवस आत जाईल. त्याला स्वतःला वाटतं, तो ओरडतोय. बाहेर येतं ते कुजबुजल्यासारखं. मग मी हटकते. हा खेळच झालाय आमचा.

आज पुलाजवळच्या सुताराच्या थोरल्या मुलाचा कागद आला, तो बाबांनी 'रडत नाही' लिहिलेला. तो आता स्वतः आजोबा आहे, गुडघ्यांसाठी माझ्याकडे येतो. मी विचारलं, "काय झालं होतं रे याला?"

"हात मोडला होता. मी होतो तिथं," दादा म्हणाला. "बाबांनी हाड बसवलं तेव्हा तो ओठ चावून बसला. नंतर बाबा मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, जो रडत नाही त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत बाबांनी मला सांगितलं नव्हतं, आणि यानंही. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. दादाचा हात टेबलावर होता, उघडा. हल्ली तो खिशात घालत नाही. बोटं त्यांच्या लयीत चालली होती. मी टाइप करायची थांबले. तो माझ्याकडे बघत होता, मी लिहून घेतलं का ते.

त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता.

तरी मी कानामागं हात धरला आणि म्हटलं, "काय? नीट ऐकू नाही आलं. परत सांग."